जुन्या ओम्नीचे इंजिन बोल्ट: आधी आटे, मग ग्रेड, मग तेल, आणि शेवटी टॉर्क

गोटीसेट
हेड गॅसकेट कुठलं घ्यावं, टॅपेट किती ठेवावेत, बेल्ट कधी बदलावा यावर सगळे भरभरून लिहितात. बोल्टाची पाळी आली की 'नीट आवळा' म्हणून विषय मिटवतात. म्हणून हा धागा फक्त बोल्टांचा.

गाडी: मारुती ओम्नी, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं एफ८बी इंजिन. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, २०१९ पर्यंत बनत राहिली. शाळेच्या, बेकरीच्या, रुग्णवाहिकेच्या कामात अजून शेकड्यांनी फिरताहेत आणि बहुतेकींचं इंजिन एकदा तरी उघडून झालंय. म्हणजे आत मूळ बोल्ट किती आणि दुकानातून आणलेले किती, याचा भरवसा नाही.

ओळखायची सोपी खूण डोक्याच्या मापात आहे. जपानी पद्धतीच्या इंजिनात एम६ ला (६ मिमी जाडीच्या बोल्टाला) १० चा पाना लागतो, एम८ ला १२ चा, एम१० ला १४ चा, एम१२ ला १७ चा. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या बोल्टांत एम८ ला १३ आणि एम१० ला १६ किंवा १७ लागतो. तेव्हा ओम्नीच्या इंजिनावर कुठे १३ ची गोटी (सॉकेट) चपखल बसली, की तो बोल्ट बाहेरचा. बाहेरचा म्हणजे वाईटच असं नाही, पण त्या भोकाचे आटे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता खरी मेख. एम१० ही नुसती जाडी झाली. दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, वेगळं असू शकतं. दुकानात 'एम१० द्या' म्हटलं की हातात १.५ पिचचा पडतो, कारण तोच सगळीकडे खपतो. जपानी इंजिनांत एम१० बहुतेक ठिकाणी १.२५ चा असतो. १.५ चा बोल्ट १.२५ च्या भोकात दीड-दोन आटे हाताने जातो आणि अडकतो. 'गंज असेल' म्हणून पाना लावला की बोल्ट स्वतःचे आटे पाडत आत शिरतो. आवळला जातो, टॉर्क पानाही (लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की टिक वाजणारा पाना) टिक करतो, आणि सहा महिन्यांनी तिथून पाणी नाहीतर कॉम्प्रेशन गळतं.

एम६ ला १ आणि एम८ ला १.२५ पिच दोन्हीकडे सारखंच, तिथे हा घोळ होत नाही. घोळ एम१० आणि एम१२ चा.

सूतभर
एम८ लाही घोळ होतो, फक्त वेगळा. जुन्या हार्डवेअरवाल्यांकडे अजून सुताचा हिशोब चालतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 'अडीच सूत' म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिमी. एम८ शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण त्याचे आटे इंचाला १८, म्हणजे पिच १.४१ मिमी. अॅल्युमिनियमच्या भोकात हा सुताचा बोल्ट 'जरा टाइट जातोय' असं वाटत पूर्ण आत जातो, आणि बाहेर येताना अॅल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे गुंडाळून घेऊन येतो.

तीन सूत (९.५३ मिमी, इंचाला १६ आटे) आणि एम१० ची गंमत तीच.

पिच गेज शे-दोनशे रुपयांत येतो. तोही नसेल तर खात्रीचा मूळ बोल्ट घ्या, नव्याला आडवा चिकटवा, आट्यात आटे बसवा आणि उजेडाकडे धरा. दहा-बारा आट्यांत कुठेही फट दिसली नाही तर पिच एक. चौथ्या-पाचव्या आट्यापासून उजेड दिसायला लागला तर दुकानदाराला परत करा.

ओम्नीकरीण
उत्तम धागा. ग्रेडबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं, पण मूळ बोल्टांवर नुसता ७ किंवा ४ असतो. त्यांची बरोबरी कशी लावायची?

गोटीसेट
ताई, ८.८ मध्ये पहिला आकडा ताण सोसायची ताकद सांगतो: ८ म्हणजे ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या किती टक्क्यांना बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो: .८ म्हणजे ८० टक्के, ६४० मेगापास्कल. त्याच हिशोबाने १०.९ म्हणजे १००० आणि ९००.

जपानी खुणेत ७ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ७० किलो, ४ म्हणजे ४० किलो. म्हणून ७ च्या जागी ८.८ बिनधास्त चालतो. ४ च्या जागी ८.८ घातला तरी हरकत नाही, मात्र टॉर्क जुनाच ठेवायचा. बोल्ट तगडा झाला म्हणून भोकाचे आटे तगडे होत नाहीत.

डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट इंजिनावर लावू नये. नंबरप्लेटला लावा.

पुस्तकात त्या बोल्टाचा वेगळा आकडा दिलेला नसेल, तर पोलादात जाणाऱ्या ८.८ साठी सर्वसाधारण आकडे असे: एम६ ला १० न्यूटन-मीटर (पुढे एनएम लिहितो), एम८ ला २५, एम१० ला ५०, एम१२ ला ८५. अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्याला यापेक्षा हात आखडता घ्या. पत्र्याचं झाकण, चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी), टॅपेट कव्हर यांना हे आकडे लावूच नका. तिथे बोल्ट एम६ चा असला तरी खाली रबर नाहीतर कॉर्क असतं, आणि १० एनएमला पत्रा वाकतो. टॅपेट कव्हर गळतंय म्हणून लोक आणखी आवळतात, पत्रा बोल्टापाशी आणखी दबतो, मधल्या भागात आणखी उचलला जातो आणि आणखी गळतं. पत्रा सपाट लाकडावर ठोकून सरळ करा, पॅकिंग नवीन घाला, ४-५ एनएमला थांबा.

लेथमिस्त्री
ग्रेडच्या नावाखाली १२.९ चे काळे अॅलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) सगळीकडे घालायची फॅशन आली आहे, तिच्याबद्दल दोन शब्द. अॅल्युमिनियमच्या भोकात १२.९ घालून काहीही मिळत नाही. तिथे कमजोर कडी बोल्ट नसून भोक आहे. शिवाय अॅलनच्या डोक्याचा घेर लहान, म्हणजे खालचं अॅल्युमिनियम दबतं आणि आवळण महिन्याभरात ढिलं पडतं. घालायचाच असेल तर खाली कडक वॉशर हवा, पत्र्याचा मऊ नको.

लांबीकडेही कुणी बघत नाही. पोलादात बोल्ट स्वतःच्या जाडीइतका आत गेला तरी पुरतो. अॅल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट हवा: एम८ असेल तर १२ ते १६ मिमी. उदाहरण घ्या. भोक २२ मिमी खोल, ब्रॅकेट ९ मिमी जाड, वॉशर १.६ मिमी. २५ चा बोल्ट १४.४ मिमी आत जातो, उत्तम. ३५ चा घातला तर २४.४ जायला हवा, पण भोकच २२ चं. बोल्ट तळाला टेकतो, टॉर्क पाना टिक करतो, आणि ब्रॅकेट हाताने हलतं. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने भोकाची खोली मोजायला अर्धा मिनिट लागतो.

अर्धाआटा
वाचतोय. हेड बोल्टांच्या टॉर्कचं येऊ द्या.

गोटीसेट
हेड बोल्ट म्हणजे सिलिंडरवरचं हेड ब्लॉकला जखडून ठेवणारे. एफ८बी ला त्यांचा टॉर्क ५.५ ते ६ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण ५५ ते ६० एनएम. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून पडताळून घ्याच.

गॅरेजमध्ये याला 'सहा किलो' म्हणतात आणि तिथेच एक सापळा आहे. टॉर्क पान्यावर दोन पट्ट्या कोरलेल्या असतात, एक एनएमची आणि एक फूट-पाउंडची. ६० हा आकडा चुकून फूट-पाउंडच्या पट्टीवर लावला तर ८१ एनएम होतात, म्हणजे ३५ टक्के जास्त. ६० एनएम म्हणजे ४४ फूट-पाउंड आणि ६.१ किलो. हे तीन आकडे खडूने भिंतीवर लिहून ठेवा.

सोडताना बाहेरून आत, आवळताना आतून बाहेर. चार-चारच्या दोन ओळी आहेत. मधले चार आधी, तिरपे-तिरपे, मग टोकाचे चार. एकदम शेवटच्या आकड्याला जायचं नाही: पहिली फेरी २०, दुसरी ४०, तिसरी ५८. दहा मिनिटं थांबा आणि त्याच क्रमाने पुन्हा ५८ ला फिरवा. गॅसकेट दबल्यामुळे पहिले आवळलेले बोल्ट तोवर थोडे ढिले झालेले असतात, तिसऱ्या फेरीनंतरही मधले दोन-तीन किंचित फिरतात.

इंजिन पूर्ण थंड हवं. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे दोन्ही सीट आणि खालचं झाकण काढल्याशिवाय पान्याला पूर्ण दांडा फिरवायला जागा मिळत नाही. सरळ एक्स्टेन्शन रॉड लावल्याने टॉर्क बदलत नाही, रॉड तिरका धरला की बदलतो. पान्याच्या डोक्याला एक हात देऊन रॉड उभा ठेवा, दुसऱ्या हाताने फिरवा. युनिव्हर्सल जॉइंट हेड बोल्टाला नको.

किलोभर
तेलाचं कुणी बोललं नाही अजून. सुका आवळायचा की तेल लावून?

गोटीसेट
हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून लांब लिहितो.

टॉर्क म्हणजे आपण पाना किती जोराने फिरवला. आपल्याला हवा असतो तो बोल्टाचा ताण, म्हणजे हेड किती टनाने दाबलं जातंय. या दोहोंमध्ये घर्षण बसलंय. आपण लावलेल्या जोरातला निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, जवळजवळ ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. घर्षण थोडं कमी केलं की ताण एकदम वाढतो.

आकड्यात बघा. टॉर्क भागिले (घर्षणावरून ठरणारा गुणांक गुणिले बोल्टाची जाडी) बरोबर ताण. एम१० ला ६० एनएम लावले. सुक्या आट्यांचा गुणांक ०.२० धरला तर ६० भागिले (०.२० × ०.०१०), म्हणजे ३०,००० न्यूटन, सुमारे ३ टन. तेल लावलेल्या आट्यांचा ०.१५ धरला तर ४०,००० न्यूटन, सुमारे ४ टन. पाना तोच, टिक तोच, आणि एका बोल्टामागे एक टनाचा फरक.

आता हेच ग्रेडशी जोडा. १.२५ पिचच्या एम१० चं ताण सोसणारं क्षेत्रफळ ६१.२ चौरस मिमी. ८.८ ग्रेड सुरक्षितपणे सोसतो सुमारे ३५,५०० न्यूटन, १०.९ सोसतो सुमारे ५०,८००. म्हणजे दुकानातला ८.८ हेडला घातला, तेल लावलं आणि ६० ला आवळला, तर तो पहिल्याच दिवशी आपल्या मर्यादेपलीकडे जातो. तुटत नाही. ताणला जातो आणि ताणलेलाच राहतो. इंजिन दोनदा तापून थंड झालं की पकड गेली. 'नवीन गॅसकेट टाकूनही महिन्यात पाणी तेलात आलं' या तक्रारीत गॅसकेटला शिव्या देण्याआधी बोल्टाची डोकी वाचा. हेड बोल्ट कंपनीचेच घ्यावेत याचं कारण हे आहे.

तेव्हा तेलाचा नियम: पुस्तकात जे लिहिलंय ते, कारण आकडा त्याच अवस्थेसाठी दिलेला असतो. तेल लावा म्हटलं असेल तर इंजिन ऑइलचा पातळ हात, आट्यांना आणि डोक्याच्या खालच्या बाजूलाही. नुसत्या आट्यांना लावून डोकं सुकं ठेवलं तर निम्मं घर्षण तसंच राहतं. आणि आठही बोल्टांना सारखं. चार सुके आणि चार तेलकट असले की हेड एका बाजूला ३ टनाने आणि दुसऱ्या बाजूला ४ टनाने दाबलं जातं.

ग्रीस, मॉलिब्डेनमची पेस्ट, कॉपर पेस्ट हेड बोल्टाला लावू नका. घर्षण आणखी घटतं आणि वरचं सगळं गणित बिघडतं.

सूतभर
सहमत. एक जोड: तेल 'पातळ हात' म्हणजे पातळच. आंधळ्या भोकात, म्हणजे ज्याला तळ आहे त्यात, तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं. द्रव दबत नाही, तो ब्लॉक फोडतो. निदान खोटा टॉर्क तरी दाखवतोच. हेड उतरवताना कूलंट या भोकांत हमखास उतरतं. प्रत्येक भोकात आधी कापडाची वात फिरवा, मग हवा मारा. चष्मा लावून. रॉकेलने धुतलंत तर रॉकेलही काढा.

आटे साफ करायला कापायचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू नका, तो चांगलं लोखंडही खरवडून नेतो. जुना हेड बोल्ट घ्या, ग्राइंडरने त्याच्या आट्यांवर लांबीच्या दिशेने तीन खाचा पाडा, कडा कानशीने मोडा, आणि तो हाताने आत-बाहेर फिरवा. खाचांत काळा गाळ भरून येतो. पुसा, पुन्हा फिरवा, तीन-चार वेळात भोक स्वच्छ.

ओम्नीकरीण
जुने हेड बोल्ट पुन्हा वापरावेत का, यावर दोन तट दिसतात. माझं मत: नवीन संच घ्या. हेड उतरवण्याच्या मजुरीपुढे बोल्टांचा खर्च किरकोळ आहे.

लेथमिस्त्री
ताई, इथे जरा मतभेद. बोल्ट कसा आवळायचा आहे त्यावर ते अवलंबून. ज्या इंजिनात आधी टॉर्क आणि मग ९० अंश फिरवा असं असतं, तिथे बोल्ट मुद्दाम ताणलेले असतात. मॅटाडोर, ट्रॅक्समध्ये आलेल्या ओएम ६१६ डिझेल इंजिनाच्या घराण्यातल्या बारा दातांच्या हेड बोल्टांना ४० एनएम, मग ७०, दहा मिनिटं थांबून ९० अंश आणि पुन्हा ९० अंश असा क्रम आहे. असे बोल्ट लांबी मोजल्याशिवाय परत घालायचे नाहीत, पुस्तकातली मर्यादा ओलांडली की भंगारात. ओम्नीचे नुसत्या टॉर्कवर आवळले जातात, म्हणजे ते लवचीकतेच्या हद्दीत राहतात. तपासून पास झाले तर परत घालता येतात.

तपास असा. आठही बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून काचेवर डोक्यावर उभे करा, वर पोलादी पट्टी ठेवा. मुळात एकाच लांबीचे असलेल्यांत एखादा अर्धा मिलिमीटर जरी उंच निघाला तर तो ताणला गेलाय. मग १.२५ पिचचा नवीन नट प्रत्येकावर हाताने शेवटपर्यंत फिरवा. मध्येच घट्ट झाला तर तिथे आट्यांचं अंतर वाढलंय. शेवटी जिथे आटे आणि गुळगुळीत दांडा भेटतात तिथे व्हर्नियर लावा. कमरेसारखी बारीक जागा दिसली की संपलं. आणि डोक्याखाली नख फिरवा: कडेला उंचवटा लागला तर घर्षण बिघडणार.

एक नापास झाला तर आठही बदला. नवा आणि जुना एकसारखे ताणले जात नाहीत.

ओम्नीकरीण
पटलं. पण हा तपास करायला व्हर्नियर, काच, नट आणि अर्धा तास असलेला मेकॅनिक हवा. गाडी गॅरेजला देणाऱ्यांना मी अजूनही नवीन संचच सुचवेन.

लेथमिस्त्री
ते मान्य.

गोटीसेट
हेड परत बसवण्याआधी सपाटी बघाच. पोलादी सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या दिशांनी ठेवून खाली ०.०५ मिमीची फिलर पट्टी सरकते का पाहा. सरकली तर हेड लेथवर नाहीतर सरफेस ग्राइंडिंगला. वाकडं हेड बोल्टाने सरळ करायचा प्रयत्न म्हणजे पुढच्या गॅसकेटची ऑर्डर.

वॉशरची बाजूही बघा: एका बाजूला आतली कड गोलसर असते, ती बोल्टाच्या डोक्याकडे. डोक्याखालच्या गोलाईला तिथे जागा मिळते.

खारेवारे
किनारपट्टीचा प्रश्न. रत्नागिरी, मालवणकडे दोन पावसाळ्यांत बोल्टांची डोकी गंजून १२ ची गोटी घसरायला लागते. बाहेरच्या बाजूचे, म्हणजे अल्टरनेटर ब्रॅकेट, थर्मोस्टॅट हाउसिंग, इंजिन माउंटिंग, हे स्टेनलेस स्टीलचे घातले तर?

गोटीसेट
माउंटिंगला अजिबात नको. दुकानात मिळणारं स्टेनलेस बहुतेक ए२-७० असतं: ताण ७०० मेगापास्कल, पण ४५० लाच ताणायला लागतं. ८.८ ला तेच ६४०. त्यात स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांना चिकटतात, मग कापूनच काढावा लागतो.

थर्मोस्टॅट हाउसिंगला तर उलटं नुकसान. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यामध्ये खारी ओल आली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट चकचकीत राहतो आणि भोकात पांढरी पूड होते.

जस्ताचा मुलामा असलेले ८.८ घ्या. आवळून झाल्यावर डोक्यावर आणि कडेला मेणाचा किंवा ग्रीसचा लेप द्या. आट्यांना लावायचं असेल तर टॉर्क २५ टक्के कमी करा. दर वर्षी पावसाळा संपला की लेप पुन्हा. गोटी सहा कोनांची वापरा, बारा कोनांची गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते.

खारेवारे
धन्यवाद. आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड (बिनडोक्याचे, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट)? ते तर सोडतानाच मोडतात.

लेथमिस्त्री
ते बहुतेक एम८ चे असतात आणि उष्णतेने भाजून ठिसूळ झालेले असतात. क्रम पाळा.

आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल. सकाळी नटाच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच सरळ, हलके ठोके. मग नट आधी आवळायच्या दिशेने केसभर हलवा आणि मग सोडा. हलला की अर्धी फेरी सोडा, पाव परत आवळा, तेल, पुन्हा. एका दमात सोडायला गेलात की स्टड गेला. तरीही हलेना तर नट गॅसने लाल करा, शेजारी कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी असते हे विसरू नका, ती आधी काढा. गॅसवरची गाडी असेल तर टाकीची झडप बंद करून लाइन रिकामी केल्याशिवाय ज्योत जवळ आणू नका.

मोडलाच आणि थोडा बाहेर उरला असेल तर त्यावर एम८ चा नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. वेल्डच्या उष्णतेने गंज सुटतो, नट अजून गरम असतानाच पाना लावा.

पृष्ठभागाच्या बरोबरीने मोडला तर पंचाने अचूक मध्य काढा, ३ चं ड्रिल, मग ५ चं, मग ६.५ चं. उलट्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर निम्म्या वेळा स्टड आपोआप बाहेर येतो. इझी-आउट (मोडका बोल्ट काढायची उलट्या आट्यांची सळी) घालून जोर करू नका. ते भयंकर कडक असतं, आत मोडलं तर त्यावर कुठलंच ड्रिल चालत नाही, मग हेड उतरवून स्पार्क इरोजनला (ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या मशीनवर) न्यावं लागतं.

आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे भोकाला नवे आटे देणारी तारेची कॉइल. ८.३ चं ड्रिल, सोबतच्या किटमधला खास टॅप (साधा एम८ चा नव्हे), १२ मिमी लांबीची कॉइल. ड्रिलला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी टेकली की थांबा, पलीकडे पाण्याचा कप्पा असू शकतो. कॉइल पृष्ठभागापेक्षा पाऊण-एक आटा खाली बसवा आणि तळाची शेपटी मोडून बाहेर काढा. नीट बसवलेली कॉइल अॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असते. नवा स्टड बसवताना दोन नट एकमेकांवर आवळून हलक्या हाताने, स्टडला टॉर्क द्यायचा नसतो. वरचा नट तांब्याच्या मुलाम्याचा किंवा पितळी घ्या, पुढच्या वेळी सुटतो.

अर्धाआटा
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). टॉर्क पाना कुठला घ्यावा? बाजारात १२०० पासून १२००० पर्यंत आहेत.

किलोभर
एक पाना सगळ्याला पुरत नाही. अर्ध्या इंची चौकाचा (चौक म्हणजे गोटी बसते तो चौकोनी खुंटा) ४० ते २०० एनएमचा जो सगळे घेतात, तो त्याच्या पट्टीच्या तळाला बेभरवशाचा असतो, आणि टॅपेट कव्हर तर त्याच्या आवाक्यातच नाही. इंजिनासाठी पाव इंची ५ ते २५ आणि ३/८ इंची २० ते १०० अशी जोडी घ्या. पैसे एकालाच असतील तर ३/८ वाला, आणि एम६ सगळे हाताने: छोट्या रॅचेटचं डोकं मुठीत धरून, दांडा न वापरता.

पहिल्या टिकला थांबायचं. 'खात्रीसाठी' दुसऱ्यांदा टिक करणं म्हणजे दरवेळी थोडं जास्त. पाना सोडायच्या कामाला वापरायचा नाही. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, शून्याच्या खाली नाही.

घरी तपासता येतो. पान्याचा चौक वायसमध्ये पकडा, दांडा आडवा राहील असा. चौकाच्या मध्यापासून बरोबर ५० सेमीवर खूण करा, दांडा आखूड पडला तर ३० सेमीवर. किराणावाल्याकडचं १० किलोचं शिक्का मारलेलं वजन दोरीने तिथे टांगा. ५० सेमीला ४९ एनएम होतात, ३० ला २९.४. पान्याचं स्वतःचं वजनही त्यात भर घालतं: १.२ किलोचा पाना २० सेमीवर तोलला जात असेल तर २.४ एनएम. ५० सेमीवर टांगलं असेल तर पाना ४६ ला लावून वजन हळूच सोडा, टिक व्हायला हवा. ५६ ला लावा, होता कामा नये. या दोहोंत बसला तर हेड बोल्टांना पुरेसा.

सूतभर
क्रँक पुलीचा बोल्ट राहिला. तो ढिला राहिला तर पुली किंचित हलत राहते, चावीची खाच खाते, आणि टायमिंग सरकलं की लोक कार्ब्युरेटर उघडत बसतात. टायमिंग बेल्ट बदलताना हा बोल्ट इम्पॅक्ट गनने 'टररर' करून संपवतात. गनने सोडा हवं तर, आवळा मात्र टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्याला. धरून ठेवायला फ्लायव्हीलच्या दातांत योग्य पट्टी अडकवा, स्क्रू-ड्रायव्हर नको.

स्प्रिंग वॉशरवर विश्वास असलेल्यांसाठी: बोल्ट पूर्ण आवळला की तो वॉशर चपटा होतो आणि साधा वॉशर उरतो. थरथर जिथे जास्त, तिथे निळा थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव), दोन थेंब, आटे तेलमुक्त करून. बाकी चालू द्या.

खारेवारे
एक शेवटचं. ८.३ चं ड्रिल इथल्या दुकानात नाही. ८.५ चालेल का?

लेथमिस्त्री
नाही. ८.४ पर्यंत चालतं. ८.५ ने खास टॅपला आट्याची पुरेशी उंची मिळत नाही, त्यात हातातल्या ड्रिलने भोक तसंही थोडं मोठंच पडतं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कोल्हापुरात उद्यमनगर, कुठेही ८.३ मिळेल, एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) मागा. अॅल्युमिनियमला रॉकेलचे थेंब सोडत ड्रिल करा, दर दोन-तीन मिलिमीटरला बाहेर काढून भुगा झटका.